वस्तू आपोआप जातात

सोमवार, ३

आजपासून लिहायचं ठरवलं. काल संध्याकाळी दूध उतू जायला लागलं तेव्हा मी गॅसला "अरे थांब की जरा" म्हणालो, आणि मग मलाच माझी धास्ती वाटली. माणसानं वहीशी बोललेलं बरं, शेगडीशी नको.

बायको जाऊन आज सात आठवडे झाले. तिच्या थोरल्या बहिणीकडे आहे, दुसऱ्या शहरात, गाडीनं तीन तास. "थोडे दिवस जाते," म्हणाली होती. थोडे म्हणजे किती हे मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. तिथे रक्त तपासायच्या एका लॅबमध्ये तात्पुरतं काम धरलंय असं साडूंच्या बोलण्यातून कळलं. मी फोन केलेला नाही. जायचं तिनं ठरवलं, तर फोनही तिनंच करावा. यात माझं काय चुकलं?

ऑफिसात कुणाला माहीत नाही. आईला तर नाहीच. ती दर रविवारी फोन करते, "सूनबाईला दे" म्हणते, मी म्हणतो अंघोळीला गेलीय. काल म्हणाली, "अरे, ही मुलगी काय पाण्यातच राहते की काय?"

आज नवं काम आलं. आमचं ऑनलाइन दुकान घरसामानाचं: टेबलं, खुर्च्या, दिवे, पडदे. खाली गोदाम, वर आम्ही पाच जण, आणि दिवसभर खालून खोक्यांना चिकटपट्टी लावल्याचा चर्रर्र आवाज. मालक वर आले आणि म्हणाले, "लोक वस्तू कार्टात टाकतात आणि विसरून जातात. कार्टाची अडगळीची खोली केलीय नुसती. शेजारी एक विशलिस्ट करा. आज घ्यायचं ते कार्टात, नुसतं मनात आहे ते विशलिस्टमध्ये." एकवीस तारखेला त्यांना चालू करून दाखवायचं. मी म्हटलं, होईल. मी नेहमी होईलच म्हणतो.

मंगळवार, ४

सकाळचे दोन तास बटणाच्या नावात गेले. मालक म्हणाले, "इच्छायादी." चाळणी म्हणाली, "सर, हे वकिलाकडे जाऊन करायचं असतं असं वाटतं." (चाळणी म्हणजे आमची टेस्टर. हे नाव मी ठेवलं. तिच्यातून एक चूक खाली पडत नाही. तिलाही ते आवडतं, पण आवडत नाही असं दाखवते.) मी सुचवलं, "पुढे बघू." सगळे हसले. चाळणी म्हणाली, "पुढे बघू म्हटलेली गोष्ट तुझ्या घरी कधी आलीय का रे?" गंमतच केली तिनं. शेवटी शब्दच नको, नुसतं बदामाचं चित्र ठेवायचं ठरलं. दाबलं की वस्तू कार्टातून विशलिस्टमध्ये.

संध्याकाळी अंडी आणि पाव. पलंगावर ताट घेऊन खाल्लं.

गुरुवार, ६

बदाम चालायला लागला. फक्त आम्हा ऑफिसवाल्यांच्या अकाउंटांवर सुरू केलाय, गिऱ्हाइकांना अजून दिसत नाही. चाळणीनं टेस्टिंगसाठी खोटी अकाउंटं करून दिली होती, पण त्यांतली कार्टं अगदीच पुस्तकी: एक खुर्ची, एक उशी. खऱ्या कार्टात वर्षानुवर्षांचा माल तुंबलेला असतो. असं एक कार्ट माझ्याकडे होतंच की. घरचं.

चाळणी म्हणाली, "घरचं अकाउंट वापरू नकोस. हा नियम आहे."

"माझंच आहे, मी वापरीन नाहीतर जाळीन."

ते अकाउंट आम्ही लग्नानंतर पहिल्याच महिन्यात उघडलं, दोघांनी मिळून, तिच्या वाढदिवसाचा पासवर्ड टाकून. आठ वर्षांत त्यात अकरा वस्तू जमल्यात. जेवणाचं टेबल, चार खुर्च्यांसकट. पलंगाच्या दोन्ही बाजूंना लावायच्या दिव्यांची जोडी. हिरवे पडदे. पुस्तकांचं कपाट. बाल्कनीत दोघांना बसायचं बाकडं. आरसा. आणखी काही बारीकसारीक, त्यात एक पायपुसणंसुद्धा. पायपुसणं! ते का घेतलं नाही हे आता आठवत नाही. तिनं दाखवलं असेल, मी म्हटलं असेल कार्टात टाक, पुढे बघू.

भांडण टेबलावरून झालं. तिच्या इथल्या लॅबमधल्या तिघी जेवायला आल्या होत्या, त्यांना पलंगावर पेपर पसरून वाढावं लागलं. त्या गेल्यावर ती म्हणाली, "आपला सगळा संसार कार्टात आहे. मला आता त्या कार्टाचं तोंडसुद्धा बघायचं नाही." मी म्हटलं, पुढच्या महिन्यात नक्की. तिनं बॅग काढली. एका टेबलासाठी कुणी घर सोडतं का? लोकांना सांगितलं तर हसतील.

सोमवार, १०

कार्टात दहा वस्तू. टेबल नाही.

विशलिस्टमध्ये शोधलं, तिथेही नाही. म्हणजे बदाम न दाबता वस्तू परस्पर गेली. गिऱ्हाइकांच्या कार्टातून असा माल उडायला लागला तर मालक मलाच गोदामात खोक्यांबरोबर बांधतील. टेबल परत टाकलं आणि कोड वाचत बसलो.

मंगळवार, ११

सकाळी साडेनऊला बघितलं, टेबल जागेवर. जेवून आलो तर गायब. परत टाकलं.

बुधवार, १२

टेबल आणि दिवे दोन्ही गेले. दोन्ही परत टाकले. आता हा माझा सकाळचा रिवाजच झालाय: आधी चहा, मग कार्टातून काय गेलं ते बघून परत ठेवायचं, म्हणजे पुढच्या वेळी कधी जातं ते पकडता येईल.

चाळणीनं रीतसर तक्रार नोंदवली. मथळा दिला, "वस्तू आपोआप जातात." तिच्या खोट्या अकाउंटांवर असलं काही होत नाही म्हणे. "फक्त तुझ्याच कार्टात होतंय. काय पाप केलंयस?"

गंमत अशी की कोडमध्ये मला काही सापडत नाही. माझाच कोड मी तीनदा वाचला. इतका सरळ, स्वच्छ कोड मी आयुष्यात लिहिला नव्हता.

गुरुवार, १३

आज कहर झाला. कार्टात एक वस्तू जास्त! एका माणसाची गादी, सिंगल, घडी घालता येणारी. मी टाकलेली नाही. म्हणजे दुसऱ्या कुणाचा तरी माल माझ्या कार्टात आला. हे तर फारच वाईट. आज गादी आली, उद्या कुणाचा पत्ता येईल, परवा कुणाचं काय.

मालकांना सांगावं लागलं. ते खुर्चीत बसले, उठले, परत बसले. "एकवीस तारखेपर्यंत हे मिटलं नाही तर मला तुमचं तोंड दाखवू नका," म्हणाले. असलं ते महिन्यातून एकदा म्हणतातच.

गादी काढून टाकली. टेबल, दिवे, पडदे परत ठेवले.

शुक्रवार, १४

गादी परत. मी परत काढली. कोण हा गादीवाला? एकटाच राहत असणार बिचारा. मनात आलं, बाबा रे, एवढी पातळ गादी घेऊ नकोस, पाठ धरेल. आमच्या पलंगावर मी अजून डाव्याच बाजूला झोपतो. उजवी बाजू सकाळी जशीच्या तशी असते, चादरीला सुरकुतीसुद्धा नाही, आणि ती बघितली की मला उठावंसंच वाटत नाही.

रविवार, १६

आईचा फोन. "सूनबाईला दे." मी म्हटलं, बाजारात गेलीय. आई म्हणाली, "अंघोळ झाली वाटतं." आणि हसली नाही. नंतर बराच वेळ माझ्या जेवणाचं विचारत राहिली, भाजी कुठली केली, कणीक कोण मळतं. मी म्हटलं, सगळं ठीक आहे. "तुझा आवाज ठीक नाही," म्हणाली. आयांना हल्ली फोनवरून काहीही ऐकू येतं.

आज कार्ट बघितलं नाही, सुट्टी होती. खरं सांगायचं तर दोनदा उघडायला हात गेला. एकट्या घरात रविवार फार लांब असतो.

सोमवार, १७

चार वस्तू गेलेल्या, गादी आलेली. चार परत ठेवल्या, गादी काढली. आता मला याची सवय झालीय. खरं म्हणजे सकाळी ऑफिसला यायला त्याच्यामुळे बरं वाटतं. दिवसात निदान काहीतरी हलतं. हे कुणाला सांगता येणार नाही.

चाळणीनं डोकं चालवलं. म्हणाली, "एक छोटं पान कर. हे अकाउंट कुठे कुठे उघडं आहे, किती फोनांवर, किती कॉम्प्युटरांवर, आणि शेवटचं कधी वापरलं. नाहीतरी गिऱ्हाइकांना ते लागेलच. मग कळेल तुझ्या कार्टात कोण घुसतं ते." चांगली कल्पना होती. मला सुचायला हवी होती.

बुधवार, १९

पान तयार झालं. पहिलं माझंच अकाउंट उघडलं.

दोन ठिकाणी उघडं. एक ऑफिसचा कॉम्प्युटर. दुसरा एक फोन, शेवटचा वापर आज दुपारी एक वाजून बारा मिनिटं.

माझ्या फोनात दुकानाचं ॲप नाही. दिवसभर तेच बघतो, ते पुरे आहे. मी त्या ओळीकडे बघत बसलो. तिची जेवायची सुट्टी एक वाजता होते. डबा खाऊन संपायला तिला दहा मिनिटं लागतात, मग ती फोन घेऊन बसते. हे मला आठ वर्षं माहीत आहे.

चाळणी मागून म्हणाली, "सापडला का चोर?"

मी म्हटलं, "नाही. अजून बघतोय."

तेव्हा कोडमध्ये बग नव्हताच. ती एकेक वस्तू काढत होती. पडदे काढले, दिवे काढले, टेबल तर पहिल्या दिवशीच काढलं. गादी तिचीच. त्या गादीला मी पातळ म्हणालो होतो.

आणि मी मूर्ख माणूस रोज सकाळी सगळं परत ठेवत होतो.

गुरुवार, २०

सकाळी कार्ट उघडलं. सहा वस्तू गेलेल्या, गादी आलेली. हात लावला नाही. ती काढतेय याचा अर्थ तिला नकोय, त्यात समजून घ्यायला आणखी काही उरलेलं नाही. आता कुठल्या तोंडानं परत टाकू? गादीही राहू दिली. तिला झोपायला लागणारच.

संध्याकाळी सात वाजता तिचा फोन आला. सात आठवडे आणि सतरा दिवसांनी. आठवड्यांत मोजायचं मी मध्येच सोडून दिलं होतं.

"आज परत टाकलं नाहीस," ती म्हणाली. एकदम. हॅलो नाही, काही नाही.

"काय?"

"टेबल. आणि गादी राहू दिलीस. म्हटलं बरं नाही की काय तुला."

"बरा आहे."

मागे तिच्या बहिणीकडे कुणीतरी भांडी लावत होतं. मी काहीतरी बोलायला हवं म्हणून बोललो, आणि नेमकं तेच बोललो. "मला कालच कळलं तू आहेस ते. आधी मला वाटलं बग आहे."

"बग."

"म्हणजे कोडमध्ये काहीतरी…"

"बग म्हणजे काय ते माहितीय मला. आठ वर्षं काढलीत तुझ्याबरोबर." भांड्यांचा आवाज थांबला. तिनं बहुतेक दुसऱ्या खोलीत जाऊन दार लावलं. "म्हणजे तू रोज सकाळी टेस्टिंग करत होतास."

मी हो म्हणालो. खोटं बोलायला पाहिजे होतं का? आईशी नऊ आठवडे खोटं बोलू शकलो, मग इथेच कशी सत्यवादी बुद्धी सुचली?

ती म्हणाली, "पहिल्या दिवशी मी खरंच संपवायचं म्हणून टेबल काढलं. दुसऱ्या दिवशी बघते तर तू परत ठेवलेलं. मग मी मुद्दाम काढायला लागले, तू ठेवतोस का बघायला. गादी टाकली, ती तू काढलीस. त्या दिवशी मी लॅबमध्ये रडले. मी ताईला दाखवायचे रोज. ताई म्हणायची, तोंड उघडत नाही तो, बटणं दाबून काय बोलणार? मी म्हणायचे, तुला नाही कळायचं ताई, त्याचं हे असंच असतं."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"इथे कायमची जागा देतायत मला. आठवडाभर थोपवून धरलंय. उद्या साडेबाराच्या आत सही करायचीय."

"मग मी काय करू?"

"हेही मीच सांगू?"

मग ती "ठेवते" म्हणाली. रागात नाही, अगदी हळू. रागात म्हणाली असती तर बरं झालं असतं. मी दोनदा परत लावला, उचलला नाही.

"सही करू नको, घरी ये." एवढंच म्हणायचं होतं. इथे लिहिताना एक ओळसुद्धा भरली नाही. मला ती हवी आहे. पोळी करपवते, वाद घालते, माझ्या वहीत तिच्या याद्या लिहून ठेवते, ती मला घरात हवी आहे. हे वहीला कळून काय उपयोग?

सकाळी सहाची गाडी आहे. नऊला पोचतो. साडेबाराच्या आत लॅबच्या दारात उभा राहू शकतो. पण उद्या अकराला मालकांना दाखवायचं आहे, आणि मी नसलो तर चाळणी एकटी काय काय सांभाळणार? शनिवारी सकाळी जातो. एका दिवसानं काय फरक पडणार आहे, सही काय दगडावरची रेघ असते का? उद्या ऑफिसात गेल्या गेल्या सगळं परत ठेवीन. या वेळी मुद्दाम ठेवीन. तिला कळेलच.

शुक्रवार, २१

साडेनऊला बसलो. एकेक करून अकराच्या अकरा वस्तू कार्टात ठेवल्या. टेबल सगळ्यात आधी. दिवे, पडदे, कपाट, बाकडं, आरसा, पायपुसणं, सगळं. गादी काढली. प्रत्येक वस्तू दोनदा तपासत होतो, चाळणी म्हणाली, "एवढा कसला घाबरतोस, चालतंय की सगळं." मी म्हटलं, चालतंय.

अकराला मालक आले. त्यांनी स्वतः बदाम दाबला, एक खुर्ची विशलिस्टमध्ये गेली, त्यांनी ती परत आणली, परत पाठवली. लहान मुलासारखे खेळत बसले अर्धा तास. "छान केलंत," म्हणाले. मग खालून गोदामवाल्यांना वर बोलावून त्यांनाही दाखवलं. मी घड्याळ बघत होतो. बारा वीस. बारा पस्तीस. मालकांचं बोलणं संपत नव्हतं. एक वाजता सगळे जेवायला गेले, मी गेलो नाही.

एक वाजून बारा मिनिटं झाली. कार्ट उघडं ठेवून बसलो होतो. टेबल जागेवर. एक वीस झाले. दिवे जागेवर. दीड. दोन. अकराच्या अकरा वस्तू होत्या तिथेच, एकीलाही कुणी हात लावला नव्हता. मला काय झालं ते सांगता येत नाही. उठलो, खिडकीपाशी गेलो, परत आलो, परत मोजल्या. अकरा! तिला कळलं. तिनं काढलं नाही म्हणजे तिला कळलं. दोन आठवड्यांत पहिल्यांदाच काही गेलं नाही. जिन्यात जाऊन आईला फोन लावला आणि म्हटलं, "तुझी सूनबाई आली की तुला फोन करायला सांगतो." आई म्हणाली, "कुठून आली की?" मी म्हटलं, सांगतो नंतर सगळं.

घरी गेल्यावर काय काय करायचं ते मनात लावलं. उजव्या बाजूची चादर बदलायची. टेबल आजच मागवायचं, कार्टात नाही, खरं. खाली गोदामातच आहे, उद्या गाडीत घालून देतील.

मग जाता जाता ते नवं पान एकदा उघडलं, फोन कधी वापरला ते बघायला. तिथे घोळ आहे. अकाउंट एकाच ठिकाणी उघडं दाखवतंय, ऑफिसचा कॉम्प्युटर. दुसरी ओळच नाही. कालपर्यंत दोन होत्या. मालकांसमोर निघालं नाही हे नशीब. मोजणीतच कुठेतरी चुकलंय, नवं पान आहे, असं होतं. लगेच चाळणीला लिहिलं: संख्या चुकीची येतेय, दोनच्या जागी एक.

दहा मिनिटांत तिचं उत्तर आलं. "तपासलं. मोजणी बरोबर आहे. दुसरा फोन आज बारा चाळीसला लॉगआउट झालाय, म्हणून एकच दिसतंय."

मी तिला लिहिलं, परत एकदा तपास.